वरच्या खोलीचे गज

आबा,

आज मे महिन्यातला पहिला रविवार, सत्त्याण्णव साल. दुपारचे साडेतीन वाजलेत आणि मी स्लॅबवर छत्रीच्या सावलीत बसून हाताला लागलेला रंग पुसतो आहे. छत्री पावसाची नव्हे, टीव्हीची. जाळीची, आडवी पाडली तर माणूस आरामात झोपेल एवढी. आभाळातून चॅनेलं घेते आणि त्यांचं महिन्याला कुणाला काही द्यावं लागत नाही. ती तुमच्या गजांवर उभी आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेल्यावर इथं पळसदेवला हे घर तुम्ही स्वतः बांधलंत. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती आणि दिवस मावळल्यावर आपली. स्लॅब टाकलात तेव्हा पुढं मजला चढवायला म्हणून कॉलमचे गज वर काढून ठेवलेत आणि गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी फासलंत. मला वर नेऊन म्हणालात, "खाली सरकारनं दिली तेवढीच जागा. वर समदं आपलंच. हितं तुजी खोली." मी नववीत असताना तुम्ही गेलात. शाळाही तिथंच थांबली. गजांना दोरी बांधून आई कपडे वाळत घालू लागली.

पुढं मी बारामतीला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागलो आणि छत्र्या बसवायला शिकलो. पणदरे, लोणी भापकर, कितीतरी लोकांच्या स्लॅबवर चढलो. थंडीत मालक म्हणाले, पुण्यात भावाचं दुकान आहे, तिकडं जा, राहायची सोय आहे. मी हो म्हणालो. आईला सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली आणि ताटात भाकरी वाढली. पंधरवड्यानं कामावरून घरी येतो तर अंगणात भिंतीला छत्रीच्या पाकळ्या टेकवून ठेवलेल्या. तिनं भिशी उचलली होती.

"लोकांच्या घरी बसवतुयास, आता आपल्या घरी बसव," ती म्हणाली.

बिघडली तर कोण बघणार, असं मी विचारलं.

"तू हायस की."

आपल्याकडं पाण्यावरून येणारं वारं तुम्हाला ठाऊक आहे. छत्रीला पाया भक्कम लागतो. चुलत्यांनी आग्नेयेच्या कोपऱ्यातले गज दाखवले. म्हणाले, "इतकी वर्सं कापडंच वाळत्यात की ह्यांच्यावर." हायवेवरचा वेल्डर आला, गज वाकवून पाईपाला जोडले, भोवती काँक्रीट ओतलं. मी नाही म्हणालो नाही. उलट पाईप सरळ उभा राहावा म्हणून तुमचा ओळंबा मीच लावला.

मग मी वर छत्री फिरवतो आहे, आई खाली टीव्हीपुढं आणि चुलते दारात उभे राहून ती म्हणेल ते मला ओरडून सांगतायत. पडद्यावर मुंग्या. अजून मुंग्याच. जरा डावीकडं घे. बाई दिसली. गेली.

"वर खोली न्हाय म्हनल्यावर बाई थांबंल कशी?" चुलते म्हणाले. अंगणात जमलेले सगळे हसले. मीही हसलो.

तेव्हापासून मी इथंच. बोल्ट कितीही आवळा, वारं जाळीत भरलं की छत्री पाईपावर बोटभर फिरते आणि घरभर मुंग्या होतात. आई शेजारच्या पोराकडून दुकानात निरोप धाडते आणि मी भिगवणवरून मिळेल त्या एसटीनं परत येतो. पुण्याला जायचं दोनदा ठरलं, दोनदा मोडलं. आता मालकांनी सांगितलंय, उद्या सकाळच्या गाडीनं गेलास तर ठीक, नाहीतर ते दुसरा मुलगा बघतील.

आज सकाळी छत्री पुन्हा फिरली. ती जागेवर आणली, चित्र स्वच्छ आलं. मग मनात आलं म्हणून लाल ऑइलपेंट घेतला आणि पाईप आणि त्यावरचं छत्री धरणारं कडं या दोन्हींवरून एकच उभी रेघ ओढली. वाऱ्यानं रेघ तुटली तर कडं फिरवून परत जुळवायची आणि बोल्ट आवळायचा. बाकी काही नाही. जेवणं झाल्यावर आईला वर बोलावून दाखवलं. तिनं पाना हातात घेतला, कडं हलवून बघितलं, रेघ जुळवली.

"येवढंच व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं लई अवघड आसंल." ती पाण्याकडं वळली. धरणाचं पाणी उतरून जुन्या देवळाचा कळस उघडा पडलाय सध्या. मग म्हणाली, "जा मग तू."

ती खाली गेली. खालून उद्याच्या दशम्यांचा वास येतो आहे. माझी दुसरी पँट तिनं धुवून दोरीवर टाकली आहे, ती माझ्यासमोर वाळते आहे.

रंग ओला होता, आबा. तो वाळायच्या आत मी रॉकेलच्या फडक्यानं ती रेघ पुसून टाकली. हे तिला अजून माहीत नाही.