नागबेटाची होडी कोणी हाकावी

मी, आकाराम नाथाजी खरमाटे, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार नागबेट, जिल्हा सांगली, आज सकाळी कृष्णेत अंघोळ करून मारुतीला दिवा लावला आणि बेटावरच्या सगळ्या घरांना होडीपाशी बोलावणं धाडलं. तिथे काय झालं ते पुढे येईलच. माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. अक्षर हलतं आहे ते आनंदाने. दुखणं समजू नये. छातीत कळ येऊन गेल्यापासून मिरजेच्या डॉक्टरांनी वल्हं धरायला मनाई केली आहे, म्हणून ही व्यवस्था वेळेत लिहून ठेवतो.

१. राहतं घर आणि नदीकडेचा उसाचा तुकडा पत्नी शालूबाई हिचा. पूर आला म्हणून तिला बेट सोडायचा आग्रह कोणी करू नये. ती ऐकणार नाही.

२. गुळाची जुनी काहील बेटावरच्या पोरांची. श्रावणात तीत बसून ती नदीत शर्यती लावतात, पालथी होतात, पुन्हा चढतात. गुऱ्हाळासाठी कोणी परत मागू नये.

३. भजनाचे माझे टाळ वरच्या आळीच्या हंबीररावांनी नेले, ते मागत नाही. मात्र माझ्या तेराव्याला त्यांनी ते स्वतः वाजवावेत, आणि तालात.

४. होडी. आमच्या बेटाला तमाशा नाही, सिनेमा नाही. नागपंचमीची गावोगावच्या होड्यांची शर्यत हाच वर्षाचा सण. होडी वळवायचं मागचं लांब वल्हं इतकी वर्षं माझ्याकडे होतं. दुखण्यामुळे मी त्या जागेवरून उठल्यावर वरच्या आळीला तिथे हंबीरराव हवे होते, खालच्या आळीला माझा चुलतभाऊ मानसिंग. कोणी माघार घेईना, म्हणून गेल्या वर्षी होडीच्या दोन्ही टोकांना एकेक बसले आणि दोघांनीही होडी वळवली. भर धारेत ती गोल फिरत राहिली. काठावरून लोक ओरडले, "आवं, दळण टाकलंय का?" तेव्हापासून दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद. यंदा होडी पाण्यात उतरणारच नाही अशी वेळ आली होती.

ती राहीबाईला द्यायची, असं मी मनाशी धरून होतो. राहीबाई हंबीररावांची थोरली बहीण आणि मानसिंगची बायको. पुराच्या पाण्यात बेटाची नाव तीच नेते-आणते. आज हे सगळ्यांसमोर बोललो, तर हंबीरराव उसळले, "बाईमाणसाच्या हाती होडी? लोक हसतील की!"

माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी राहीबाई म्हणाली, "गेल्या साली काय रडलं व्हय लोक? आन् पुरात तुझ्या म्हशी पलीकडं कुणी नेल्या रं?"

मानसिंग हसला.

"तुमी हसू नगासा. तुमी बी गिरगिर फिरतच व्हता."

आधी बायका हसल्या, मग दोन्ही आळ्या. "माझ्या पश्चात" हे शब्द माझ्या तोंडात होते, ते गिळले. मी मेल्यावर दिलेली होडी मला पळताना कुठे दिसणार? देवाचं नाव घेऊन तिथेच वल्हं तिच्या हातात दिलं. हंबीररावांनी होडी पुढून ओढली, मानसिंगने मागून लोटली.

सबब कलम एक ते तीन माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. चौथं मी जिवंतपणीच अमलात आणलं आहे. होडी माझ्या मिळकतीत नाही. ती पाण्यात आहे.

सही : आकाराम नाथाजी खरमाटे

साक्षीदार : हंबीरराव दौलू सावंत (वरची आळी)
मानसिंग बापू खरमाटे (खालची आळी)

नागबेट, ता. ३ ऑगस्ट १९७५