विठूबाबांचा जोड

७ जानेवारी १९९६, रविवार

आज सभेत गुणवंतरावांनी माझ्या अध्यक्षपदाला विरोध केला नाही. ते तसं कधीच करत नाहीत! फक्त मंडळाची १८९१ ची नियमावली काढली, चष्मा पुसला आणि सातवा नियम वाचला— 'अध्यक्ष होणाऱ्याने पायातला एक जोड स्वहस्ते, एकट्याने तयार करावा व जयंतीस गरजू पायात घालावा.' मग माझ्याकडे वळून— "वासंतीबाई, तुम्ही बी.ए. आहात. पण नियमात बी.ए.ला सूट नाही."

सगळे हसले. मी म्हटलं, "मग करते की."

"तुम्ही कधी केलात?" मी हेही विचारलं. १९६४ साली केला म्हणे. साक्षीदार सगळे वारले आहेत.

घरी आल्यावर आठवेना, चामडं कापायची रापी कोणत्या हातात धरतात! वडील जन्मभर बूट शिवत होते. मला दुकानाच्या पायरीवरही बसू दिलं नाही. "तू पुस्तक धर." धरलं. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आता ही परीक्षा.

८ जानेवारी

हट्ट का करतेय ते लिहून ठेवते, नंतर स्वतःशी खोटं बोलायला नको.

आमचं चर्मकार कारागीर मंडळ शंभर वर्षांचं. माणसं मुंबईतून भाईंदरला आली, मागोमाग मंडळही आलं. आता कारागीर उरले चार, बाकीचे बँकेत नाहीतर बेस्टमध्ये. पण एक काम थांबलं नाही— दर रोहिदास जयंतीला चाळीस शाळकरी मुलांना बूट. पाय कागदावर आखून, ज्याच्या त्याच्या मापाचे. कोंडिरामअण्णा अध्यक्ष होते तोवर काळजी नव्हती. ते दिवाळीत गेले. यंदाचे बूट तयार आहेत. पण गुणवंतराव अध्यक्ष झाले तर पुढच्या वर्षीपासून हाटकेशच्या कारखान्यातल्या प्लास्टिकच्या सँडल! लहान, मध्यम, मोठी. "पायाचं काय, सरावतो," म्हणाले.

पाय सरावत नाही. लंगडतो.

११ जानेवारी

चंपाबाईंना गाठलं. स्टेशनच्या पूर्वेला छत्रीखाली बसतात. सत्तरीच्या आहेत, मंडळातल्या चारही पुरुषांपेक्षा हात चांगला— पण मंडळाच्या कागदावर त्या फक्त 'कै. दशरथ यांच्या पत्नी'. नियमात शिकण्याला बंदी नाही, दुसऱ्याचा हात लावायला आहे.

"आरी अशी धरायची, बाई. खडू न्हाय ती."

"समजलं."

"समजून काय उपेग? चामड्याला समजलं पायजे."

मला असं कोणी वर्गात बोललं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

१२ जानेवारी

अंगठ्यात आरीचं टोक तीनदा घुसलं. हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "बूट शिवतेयस की अंगठा?"

१६ जानेवारी

राई गावच्या शाळेत जाऊन पाय निवडला. साक्षी, तिसरीतली. बदकासारखे रुंद पाय. दुकानातला एकही बूट बसत नाही. कागदावर पाय ठेवला की गुदगुल्या होऊन उड्या मारते! कसाबसा डावा आखला. उजव्याला ती थेट व्हरांड्यात पळाली. असू दे. माप तेच.

"बाई, तुमी शिवनार?"

"हो."

"मंग घालाचे पन का?"

ह्या मुलीला शिस्त नाही. पाय मात्र चोख आहेत.

१९ जानेवारी

धीर यावा म्हणून मंडळाच्या खोलीत जाऊन विठूबाबांचा जोड बघून आले. बघितला म्हणजे काय, काचेची पेटी बघितली. आमच्या संस्थापकांनी केलेले पहिले साहेबी बूट आत एकामागे एक ठेवलेत, वर हारांचे थर. दरवर्षी एक हार चढतो, उतरत एकही नाही. दिसतात त्या दोन टाचा. विठूबाबांनी हा जोड आयुष्यभर कोणाच्याही पायात घातला नाही. का? तर त्या योग्यतेचा पाय भेटला नाही! गुणवंतराव हे दर सभेत सांगतात, आवाज कापरा करून.

२१ जानेवारी

सोलचं चामडं पातेल्यात भिजत घातलं होतं. ह्यांनी झाकण काढून वास घेतला, चप्पल घातली आणि बाहेर मिसळ खाऊन आले.

२२ जानेवारी

चंपाबाई आठवडाभर लेकीकडे पालीला. पिशवीभर लाकडी फर्मे देऊन गेल्यात— चामडं त्यांच्यावर ताणून ठोकायचं. सगळे एकात एक कोंबलेले. काय ही पद्धत! मी प्रत्येकावरचा नंबर पुसून वाचला, बारा नंबरचे दोन शोधले, बाकीचे चढत्या क्रमाने खिडकीत लावले.

२८ जानेवारी

झाले! दोन्ही झाले! टाके सरळ, टाचा समान, वर पॉलिश. टीव्हीवर ठेवलेत. ह्यांनीसुद्धा बातम्या सोडून दोनदा बुटांकडे बघितलं. "बरे आहेत" म्हणाले. लग्नानंतर माझ्या स्वयंपाकालाही इतकं म्हणाले नव्हते.

३० जानेवारी

चंपाबाई आल्या. बूट हातात घेतले. उलटे केले. सुलटे केले. मग खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"बाई... दोन्ही डावे!"

नंबर बघितला, आकार बघितला नाही. दोन्ही फर्मे डावे होते. आणि कागदही डाव्याचाच. पोरीला पकडून उजवा आखला असता तर तिथेच कळलं असतं.

"मी एक उजवा काढून देते. उद्यापर्यंत. कोनाला कळतंय?"

"मला कळतंय."

"मास्तरीण लोक लय त्रासाचे," म्हणाल्या आणि चहा न पिता गेल्या.

दोन डाव्यांना दोन आठवडे लागले. उरलेत पाच दिवस. अंगठा सुजून वांग्याएवढा!

४ फेब्रुवारी, जयंती

उभी राहिले, बूट वर धरले आणि सांगितलं— "चूक माझी आहे. दोन्ही डावे आहेत."

सगळी सभा हसत सुटली.

साक्षीने तोवर बूट घालूनही टाकले होते. "सरळ चाल," म्हटलं तर पोर सारखी उजवीकडे वळत वळत थेट गुणवंतरावांच्या मांडीवर जाऊन धडकली! "ह्यो पाय मजेत हाय, बाई. त्यो रडतो."

गुणवंतराव उठले. आवाज कापरा. "विठूबाबांच्या त्या पवित्र जोडाशेजारी हे ठेवायचं? ज्याला डावं-उजवं कळत नाही, त्याने ह्या मंडळाच्या खुर्चीवर बसू नये. हा नियम समजा!" टाळ्या. ठरावच झाला. पुढच्या रविवारी ते अध्यक्ष होणार.

जाताना पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "तेवढी पेटी स्वच्छ करून ठेवा रविवारपर्यंत. बायकांच्या हाताला ते काम छान येतं."

५ फेब्रुवारी

मला राग आलेला नाही.

६ फेब्रुवारी

आलाय.

७ फेब्रुवारी

अंगठ्याची सूज उतरली. राईला जाऊन साक्षीला बाकाला धरून ठेवलं आणि उजवा पाय आखून आणला. एक बूट शिवायला घेतलाय. नियमासाठी नाही आता. तो पाय रडतो म्हणून.

चंपाबाई शेजारी येऊन बसल्या. हात लावला नाही. फर्मा मात्र माझ्या हातात देण्याआधी तीनदा बघितला.

१० फेब्रुवारी, शनिवार

पेटी उघडली. हार एकेक करून काढले, तळाचे तर हातात चुरा झाले. विठूबाबांचे बूट बाहेर काढले, पुसले, शेजारी शेजारी ठेवले. बहुधा शंभर वर्षांत पहिल्यांदाच.

दोन्ही उजवे.

उद्या सभेत उपसूचना मांडणार आहे— नव्या अध्यक्षांनी विठूबाबांचा जोड घालून सगळ्यांसमोर एक फेरी मारावी. त्या योग्यतेचा पाय अखेर भेटला आहे.