सभागृहाच्या खुर्च्या इतक्यात परत न पाठवणेबाबत

प्रति,
मा. मुख्य वित्त अधिकारी,
प्रादेशिक कार्यकारिणी,
कोषागार इमारत, दुसरा मजला.

विषय : सभेचा निधी सभेच्या स्वतंत्र खात्यात वर्ग करणे व अधिवेशन संपेपर्यंत खुर्च्या आपल्याकडेच ठेवून घेणेबाबत.
संदर्भ : खुर्च्या पॉलिशसाठी नेण्याबाबतचे आपले तातडीचे पत्र.

महोदय,

प्रादेशिक सभेची सचिव या नात्याने मी सविनय सादर करते की :

१. आपल्या खर्चावर नजर ठेवणे हे सभेचे काम, आणि सभेच्या खर्चाला मंजुरी देणे हे आपले. म्हणजे ज्याला जाब विचारायचा, त्याच्याकडेच आधी कागद, वीज आणि चहा मागायचा. लेखा समितीने आपल्या गाड्यांची इंधनाची बिले मागितली, त्याच दुपारी समितीच्या खोलीतला दिवा देखभालीसाठी काढून नेण्यात आला. म्हणूनच सभेला स्वतःचे खाते असावे, असा ठराव काल मांडला जाणार होता.

२. काल सकाळी आपली माणसे टेम्पो घेऊन आली आणि सगळ्या खुर्च्या पॉलिशसाठी घेऊन गेली. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणते. बसायला जागा नाही म्हणजे अधिवेशन गुंडाळले, असा आपला हिशेब असावा. परंतु आमच्या अध्यक्षबाई निवृत्त परिचारिका आहेत. "अख्खी नोकरी उभ्यानं केली, आता एका दिवसानं काय पाय मोडतायत?" असे म्हणून त्यांनी कामकाज सुरू केले.

३. येथे आपल्या एका जुन्या उपकाराचे स्मरण करणे भाग आहे. मतदानाचे यंत्र आपण उधळपट्टी ठरवून नामंजूर केलेत, तेव्हापासून सभेचा नियम असा : ठरावाच्या बाजूच्यांनी उभे राहावे, विरोधकांनी बसून राहावे.

४. ठराव वाचून झाला. अध्यक्षबाईंनी मान वर केली, तर सगळे सभागृह उभे! बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले, आणि सगळ्यांच्याच डोक्यात एकदम प्रकाश पडला. आपल्या बाजूचे गटनेते ओरडले, "मी विरोधात आहे!" बाई म्हणाल्या, "मग बसा." "कुठे बसू?" "ते वित्त अधिकाऱ्यांना विचारा." गटनेत्यांनी फरशीवर बसण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. परंतु त्यांची नवी पॅन्ट त्यांच्या साडूने जरा अंगाबरोबरच शिवली आहे. जो आवाज झाला तो सर्वांनी ऐकला, आणि गटनेते खाली गेले तसेच पुन्हा उभे राहिले. "मी मनातून बसलेलोच आहे," हा त्यांचा मुद्दा नियमात मनाची तरतूद नसल्याने फेटाळण्यात आला. ठराव एकमताने मंजूर झाला.

५. त्याच भरात महिला स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसवण्याचा, वर्षानुवर्षे आपल्या टेबलावर पडून असलेला विषयही मंजूर झाला. गटनेते तेव्हा पाठीमागे फाईल धरून उभेच होते.

६. खुर्च्या येताच फेरमतदान घ्यावे, अशी मागणी गटनेत्यांनी केली आहे. अधिवेशन संपल्यावर फेरमतदान घेता येत नाही. आपला टेम्पो सकाळपासून फाटकाबाहेर हॉर्न वाजवत आहे. पॉलिश एका रात्रीत उरकले, याबद्दल अभिनंदन. परंतु फाटकाची किल्ली शिपाईदादांकडून गहाळ झाली आहे. अधिवेशन संपले की ती सापडेल, असे त्यांनी मला लेखी दिले आहे.

७. महोदय, काल मी हसता हसता रडले. हे इतिवृत्तात घालता येत नाही, म्हणून येथे लिहिते. कागदाच्या एकेका रिमसाठी मी आपल्या दाराबाहेर तासन्‌तास ताटकळले आहे. तिथे बाक नाही. आत आपण आहात, हे पंख्याच्या आवाजावरून कळत असे.

तरी निधी खात्यात वर्ग करावा. त्यातून सभेची पहिली खरेदी ठरली आहे : गादीची एक चांगली खुर्ची. इंधनाच्या बिलांचा खुलासा करण्यासाठी आपण लेखा समितीपुढे याल, तेव्हा ती आपल्यासाठी असेल. आम्ही आपल्याला उभे ठेवणार नाही. पाय किती दुखतात, ते मला माहीत आहे.

आपली नम्र आणि अद्याप उभी,
(सही)
सचिव, प्रादेशिक सभा
दिनांक : अधिवेशनाचा दुसरा दिवस

सोबत :
१. मंजूर ठरावाची प्रत.
२. इंधनाच्या बिलांची मागणी (पुन्हा).