कारभारीबाबांच्या गोचिडी

कुंभार पिंपळगाव, ४ ऑक्टोबर १९३८
दवाखान्यात औषधे बांधून द्यायची नोकरी मिळाली! चौथीपर्यंतच शिकलो, तरी बाटल्यांवरचे माझे अक्षर डॉक्टरांना पसंत पडले. मच्छिंद्रच्या गोठ्यालगत खोलीही मिळाली. त्याचे वडील कारभारीबाबा सत्तरीचे. रोज सकाळी बैलांच्या गोचिडी वेचतात आणि नखावर चिरडतात. मी घासलेटची वाटी पुढे केली, तर हसले. "नखावर फुटल्याबिगर खात्री न्हाई, कंपौंडर."

११ ऑक्टोबर
बाबांना तीन दिवस ताप. डॉक्टर अंबडला असतात, गुरुवारीच येतात. मी चिठ्ठी धाडली: तळहातांवर, तळपायांवर लाल ठिपके आहेत, हिवतापात असे पाहिले नाहीत. उत्तर आले: हिवतापच. कोयनेलच्या गोळ्या द्या.

१३ ऑक्टोबर
बाबांना ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, कोयनेलने कान बसतात, चालू ठेव. मी गोचिडींचे सांगितले. त्या गुरांना लागतात, तू आपल्या बाटल्या धू, म्हणाले. बाबांच्या मुठी मिटलेल्या होत्या. डॉक्टरांनी त्या उघडूनही पाहिल्या नाहीत!

१६ ऑक्टोबर
बोटांची टोके काळी पडली, शाईत बुडवल्यासारखी. बाबा हवेतून काही वेचतात, नखावर चिरडतात. दिवसभर. सून द्वारकाबाई म्हणाली, "त्यायला बैल दिसून राह्यले, दुसरं काय?" डॉक्टरांना दुसरी चिठ्ठी लिहिली. उत्तर नाही.

१८ ऑक्टोबर
कोयनेल मीच बंद केले. कान परत येतील असे वाटले होते. आले नाहीत.
बाबांनी माझे मनगट धरले, काळे बोट माझ्या कानामागे टेकवले. "हितं बी हाय एक." मच्छिंद्र हसला, "काढून घ्या की मंग, कंपौंडर!" मी हात झटकला. भ्रमच तो.

२० ऑक्टोबर
गुरुवार. डॉक्टर आले नाहीत. बाबांच्या नाकाचा शेंडा काळा.

२३ ऑक्टोबर
थंडी. डोके फुटते आहे. कानामागे बोट घातले —
हरभऱ्याएवढी. पाय हलत होते.

२५ ऑक्टोबर
तळहातांवर ठिपके.
गोठा इतका शांत का? बैल माना हलवतात, घुंगरमाळा वाजत नाहीत.
दारात माणसे जमली आहेत. बाबा गेले असावेत — द्वारकाबाई ऊर बडवते आहे, तोंड उघडे — आवाज नाही —
कोयनेलची एकही गोळी मी घेतलेली नाही. डॉक्टरांना लिहिले पाहिजे — एकही —