सांधा की ठिगळ

२ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, पण नातीने माझ्या फोनला लिहायला लावलंय. मी बोलते, तो लिहितो. उलट बोलत नाही. घरातला असा हा पहिलाच.
संकल्प: सुनेच्या कामात लुडबुड करायची नाही. तशी मी करतच नाही.

२ मार्च, दुपार
सूनबाई घरी बसून हॉस्पिटलची बिलं करते. सर्जनचा रिपोर्ट वाचायचा, ऑपरेशनचा ठरलेला कोड लावायचा, बिल विमा कंपनीकडे पाठवायचं. मी नुसतं विचारलं, आज कोण? म्हणाली, "आई, नाव सांगता येत नाही. तान्हं बाळ आहे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मतःच एका जागी चिंचोळी होती, ती दुरुस्त केलीय."
कशी, तेच सर्जन लिहायला विसरला. चिंचोळा तुकडा कापून टोकं सांधली, की वरून ठिगळ लावलं? दोन्हींचे कोड वेगळे. चुकला तर विमा हात वर करणार, बिल आईबापांच्या गळ्यात. आणि शुक्रवारपर्यंत जायलाच हवं.
अंदाजाने लाव की, म्हटलं. तर म्हणते, "आमच्यात जे लिहिलं नाही, ते झालंच नाही."
फार आवडलं मला हे.

३ मार्च
सून आंघोळीला. तिचा फोन वाजला. उचलला. ही लुडबुड नव्हे, मदत. सर्जनच! "आजी, निरोप द्याल का?" म्हटलं, देते, पण तुम्ही नीट लिहिलं असतंत तर ही वेळ आली नसती. हसला बिचारा. निरोप सांगितला. मग मी माझ्या गुडघ्याचं विचारून घेतलं.
सून बाहेर येईपर्यंत गुडघ्याचं सगळं लक्षात होतं, निरोप तेवढा नव्हता. ठामपणे सांगितलं: ठिगळ. मी असते तर ठिगळच लावलं असतं.
"बरं," म्हणाली. आभार वगैरे काही नाही.

३ मार्च, संध्याकाळ
चहा गाळताना आठवलं. "टोकं सांधली, आजी. ठिगळाची गरजच पडली नाही."
सांगणार होते. पण दमलेल्या माणसाला कशाला त्रास? आणि हे इथे बोलायला नको होतं. लिहिलं गेलं. म्हणजे झालं.

४ मार्च
घास उतरत नाही. दोनदा वाढून घेतलं, पण मन नव्हतं त्यात. बाळाच्या छातीवर एवढीशी शिवण आणि बापाच्या हातात एवढं मोठं बिल, हेच दिसतं. मुलाला आडून विचारलं, एखादीने चुकून भलतंच सांगितलं तर? म्हणाला, "आई, काय करून ठेवलंस?" आईवर विश्वास म्हणून नाही.
उद्या सकाळी नक्की सांगते.

५ मार्च
सकाळी ती घाईत. दुपारी मी झोपेत. संध्याकाळी सांगून टाकलं. रडलेसुद्धा, थोडं.
ती म्हणाली, "आई, तुमच्या शब्दावर कोड लावेन होय मी? सर्जनने लेखी दिल्याशिवाय बिल हलत नाही. थांबवून ठेवलंय."
जीव भांड्यात पडला. लगेच रागही आला. मग उगाच कशाला झुरले मी?
"पण लेखी का देत नाहीत, कोण जाणे. आणखी काही बोलले होते?"
विशेष काही नाही, म्हटलं. उद्यापासून रजेवर जातोय, आजच कागद पाठवायला सांगा, सही करतो, असलंच काहीतरी.
तिने झडप घालून फोन घेतला. मग सर्जनला तो कागद आणि निरोपामागून निरोप पाठवत सुटली. मला एवढंच म्हणाली, "आई, हात जोडते. माझा फोन वाजला तर हात लावू नका."

६ मार्च, शुक्रवार
संकल्प केला आणि पाळला! सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती. फोन वाजला. मी हात मांडीखाली दाबून बसले. पुन्हा वाजला. जीव तुटत होता, पण हलले नाही. म्हटलं, बाळासाठी एवढं तरी करायला हवं. तिसऱ्यांदा वाजून गप्प झाला. सून आल्यावर अभिमानाने सांगितलं.
सर्जनचा होता. मेसेज ठेवला होता: पाठवलेला कागद फोनवर उघडत नाही, विमानात बसायच्या आत परत पाठवा. तिने पाठवला. लगेच फोन लावला. बंद.
"आई, हाक तरी मारायचीत."
हे सुचलं नव्हतं मला.
बिल गेलं नाही. सून भिंतीकडे तोंड करून बसलीय.
जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. पुसून टाक रे हे. आजचं पूस, तीन तारखेचंही पूस.
पुसलंस का?
बोल की. बोलत का नाहीस?