मांडीवरून मांडीवर

५ जानेवारी
आज बोरिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मालाडच्या एका खोलीतून थेट तिसऱ्या मजल्यावर, आणि बाल्कनीसमोर जंगल! नितेश घरभर शिट्टी वाजवत फिरतोय. आमचा चार महिन्यांचा सम्यकही खूश. समोरच्या उंबरावर वानरांचा कळप असतो. त्यात एक अगदी तान्हं पिल्लू आहे, काळंभोर. आई निवांत पाला खाते आणि पिल्लू या मांडीवरून त्या मांडीवर. कळपातल्या सगळ्या बाया मिळून सांभाळतात. मला हेवाच वाटला. मालाडला सासूबाई होत्या, जाऊ होती. इथे मी एकटी. पण शेजारच्या मार्सेलिना आंटी म्हणाल्या, पोराला माझ्याकडे दे आणि खुशाल अंघोळीला जात जा.

११ जानेवारी
पिल्लाच्या आईने आज ग्रिलमधून हात घालून सम्यकच्या पावलाला हळूच स्पर्श केला. ओढलं नाही, ओरबाडलं नाही. नितेशला मात्र ते सहन झालं नाही. ग्रिलला करंट सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं. खूप भांडलो.

१४ जानेवारी
मी भाजी आणायला गेले तेवढ्यात त्याने वायर जोडली. परत आले तर पिल्लू ग्रिलला चिकटलेलं. नितेशने स्विच बंद करून ते काठीने खाली ढकललं. आंटी दारातून एवढंच म्हणाल्या, "लेकरू होतं रे ते, नितेश."
मेलेलं पिल्लू आईने उचललं. मग दुसरीने घेतलं. मग तिसरीने.

१७ जानेवारी
अजून फिरवताहेत. पिल्लू वाळत चाललंय. सगळ्या आमच्या बाल्कनीकडे तोंड करून बसतात. नितेश खाली उतरला की झाडाझाडावरून त्याच्या सोबत, गल्लीच्या तोंडापर्यंत. अंगावर येत नाहीत. नुसत्या बघतात.

१९ जानेवारी
कुकर उतरवायला आत गेले, तेवढ्यात — मागची बिनग्रिलची खिडकी सरकवलेली. पाळण्यात, सम्यकच्या दुपट्यात, ते पिल्लू.
सम्यक उंबरावर आहे. जिवंत आहे. रडत नाहीये. या मांडीवरून त्या — कुणी जवळ गेलं की आणखी वर चढतात. आंटींनी वनखात्याला फोन केलाय. हलू नकोस, ओरडू नकोस म्हणाल्या. नुसतं बघत बसवत नाही म्हणून लिहितेय. नितेश ऑफिसातून निघालाय.
माझ्याकडे कुणीच बघत नाही. सगळ्या गेटकडे —
नितेश आला. वर बघतोय.
पिल्लाच्या आईने सम्यकला स्वतःकडे घेतलं. फांदीच्या टोकाशी येऊन बसली. नितेशकडे बघत — सम्यकला अधांतरी पुढे धरून — तिने हात