तुळशीत गेलेली शेतातली माती

पांडेसरा, सुरत
१४ सप्टेंबर १९९७

चि. प्रशांत यास अनेक आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? आधी एक गंभीर तक्रार. पत्राच्या आरंभी तू ‘शि. सा. न.’ लिहितोस. साष्टांग नमस्काराला आठ अंगं लागतात. माझ्यापर्यंत तीन अक्षरं पोहोचली. उरलेली अंगं वाशिमलाच राहिली असावीत.

असो. सोयाबीन पिवळं पडतंय, पुन्हा असंच झालं तर शेत बटईनं देऊन सुरतेला येतो, हे वाचलं. लक्झरी बसनं पाठवलेली रोपं आणि मातीची पिशवीही मिळाली. मी शाळेतून येईपर्यंत तुझ्या वहिनीनं ती माती डोळ्यांत पाणी आणून तुळशीत घातली होती. (सासरच्या मातीवर एवढं प्रेम पूर्वी दिसलं नव्हतं.) उरलेली हळदीकुंकवासारखी चाळभर वाटली. शेजारच्या उषाबाई धुळ्याकडच्या, त्यांचा वाशिमशी संबंध काय? तर म्हणाल्या, “कोनं बी गाव ऱ्हावो, माटी शेतनी शे ना!”

संध्याकाळी माझ्या ओळखीचे, शेतकी शिकलेले भाईदास आले. त्यांनी मुळांवरच्या गाठी नखानं खरवडल्या. सुटून येतात त्या पिकाच्या हिताच्या. या सुटेनात, मूळच सुजलेलं. सूत्रकृमी! डोळ्यांना न दिसणारे जीव मुळातून रस पितात म्हणे. (उपनिषदांनी सूक्ष्माचं एवढं वर्णन केलं, पण या मंडळींचा उल्लेख नाही.) मग त्यांनी विचारलं, “मास्तर, माटी क्यां छे?”

तपासणीसाठी मी वाटी घेऊन दारोदार माती परत मागत फिरलो. कृमींचं सांगताच उषाबाई म्हणाल्या, “तुमना गावना किडा, म्हंजे आमना पाव्हनाच ना!” मिळाली ती कुंडीतल्या शेणखतात कालवलेली. भाईदासांनी हात जोडले.

तरी त्यांचा सल्ला लिहून घे. उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू दे. पुढच्या खरिपात त्या रानात सोयाबीन नको, ज्वारी घे. निंबोळी पेंड टाक. तिथला नांगर धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात घालू नकोस.

तुझा,
श्रीरंगदादा

ता. क. माती पुन्हा पाठव. मुळांजवळची, ओलसर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, उन्हात न ठेवता. आणि शाळेच्या पत्त्यावर. वहिनीला कळवू नकोस.

ता. क. २. चाळीतल्या भिकननं त्याच्या मिलच्या रंगखात्यात तुझ्यासाठी जागा बघून ठेवली आहे. आठवडा झाला, मी तुला कळवलं नाही. तू आलास तर परत जाणार नाहीस. आमच्या चाळीतून अजून कोणी गावी परत गेलेलं नाही. मग आईजवळ कोण राहील, याची मला भीती वाटते. एक वर्ष ज्वारी पेरून बघ.